साहेब गेल्यानंतर : परदेशी अधिकारी आणि कंपन्यांच्या येथील शाखा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात बसून इतिहास शिकण्याचे भाग्य मला लाभले. आज या व्यासपीठावर येताना त्यांचाच एक जुना प्रश्न मी बरोबर घेऊन आलो आहे. पावसाळ्यापूर्वी शाळेच्या छपराची दुरुस्ती चालू होती. उतरवून ठेवलेल्या कौलांपैकी दोन कौले गुरुजींनी वर्गात आणवली आणि ती उलटी करून आम्हांला वाचावयास सांगितली. एकावर बेसल मिशनचे नाव आणि 1865 हे साल होते. दुसऱ्यावर आल्बुकर्क हे नाव आणि 1868. गुरुजी म्हणाले, "पहिल्या कौलाचे साहेब जर्मन. ते पहिल्या महायुद्धातच येथून गेले. तरी कौले होत राहिली. का होत राहिली, ते लिहून आणा." मी काय लिहिले ते आता आठवत नाही. वहीवर लाल शाईने त्यांनी मारलेला शेरा मात्र आठवतो : "हे उत्तर इंग्रजांविषयी झाले. कौलांविषयी लिहा."

ते उत्तर लिहिण्याचा आज पुन्हा प्रयत्न करतो.

एका देशात मुख्य कचेरी असलेली कंपनी दुसऱ्या देशात शाखा किंवा उपकंपनी काढते, तेव्हा भांडवल आणि यंत्रे यांच्याबरोबर ती काही माणसेही पाठवते. या माणसांच्या असण्याने उपकंपनीचा कारभार सुधारतो की बिघडतो, या प्रश्नावर व्यवस्थापनशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्या शास्त्राचा अभ्यासक नव्हे. मी इतिहासाचा मास्तर. परंतु हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे, असे मला वाटते. साहेब खुर्चीवर असेपर्यंत कारखान्याच्या यशात त्याचा वाटा किती आणि इतरांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. तो गेल्यावर काय चालू राहिले, यावरूनच ते कळते; आणि तेवढी वाट पाहण्याची सवय इतिहासाला असते. शिवाय आपला बेळगाव-निपाणीचा सीमाभाग या अभ्यासाला सोयीचा आहे. दक्षिणेस हुबळी-धारवाडकडे मिशनचे उद्योग होते. बेळगावात कॅनडाच्या भांडवलाचा अल्युमिनाचा कारखाना आला. आणि निपाणीत असा एक मोठा व्यापार आहे, ज्याच्याकडे कोणताही परदेशी साहेब कधी फिरकलाच नाही.

प्रथम कौलांकडे वळू. बेसल मिशन ही स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराची धर्मप्रसारक संस्था. तिचे जर्मन आणि स्विस पाद्री 1834 मध्ये मंगळुरास उतरले आणि 1837 मध्ये धारवाडास, 1839 मध्ये हुबळीस पोहोचले. धर्मांतर केलेल्या माणसाचा जातीचा धंदा सुटे. त्याच्या पोटापाण्याची सोय करावयाची म्हणून विणकाम आणि कौले यांचे कारखाने निघाले. पुढे 1859 मध्ये भागभांडवलाची व्यापारी कंपनीच स्थापन झाली. तिच्या भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा होती आणि वरचा नफा मिशनच्या कार्याला जाई. कारभार बाझेलहून, कारखाने कर्नाटक-मलबारात आणि देखरेखीला युरोपातून आलेली माणसे. आजच्या भाषेत ही बहुराष्ट्रीय कंपनीच होती.

ही माणसे कशी होती, हे महत्त्वाचे आहे. हॅलर नावाचा कसबी विणकर 1851 मध्ये आला. त्याने धावत्या धोट्याचे माग आणि पक्के रंग आणले. खाकी रंगाचे श्रेयही त्याला दिले जाते. प्लेब्स्ट हा मुळात छापखान्याच्या कामाचा माणूस. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची माती कौलांना योग्य आहे हे त्याने ओळखले आणि 1865 मध्ये मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. हे दोघेही हिशेब तपासण्यासाठी पाठवलेले अधिकारी नव्हते. हाताने काम करून दाखवू शकणारे हे कारागीर होते. दुसरी गोष्ट भाषेची. येथे येणाऱ्या पाद्र्याने स्थानिक भाषा शिकलीच पाहिजे, असा मिशनचा दंडक होता. त्याच मिशनच्या किटेल यांनी 1894 मध्ये प्रसिद्ध केलेला कन्नड-इंग्रजी कोश आजही प्रमाण मानला जातो. आपल्या सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. म्हणून एवढेच नोंदवतो की, या परक्या माणसांनी मजुराला आपली भाषा शिकावयास लावण्याआधी स्वतः मजुराची भाषा शिकून घेतली.

त्याचा परिणाम लगेच दिसला. जेप्पूच्या कारखान्यानंतर अवघ्या तीन वर्षांत आल्बुकर्क या स्थानिक कुटुंबाने आपला कारखाना काढला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मंगळूरच्या परिसरात कौलांचे वीस-पंचवीस कारखाने उभे होते. नफ्याच्या दृष्टीने पाहिले, तर मिशनने स्वतःलाच प्रतिस्पर्धी निर्माण केले. मुख्य कचेरीतला एखादा हिशेबनीस याला साहेबाचे अपयश म्हणेल. गुरुजींचा प्रश्न मात्र येथेच अर्धा सुटतो. विद्या कारखान्याच्या कुंपणात राहिली नाही, म्हणून ती साहेबाबरोबर गेलीही नाही.

परीक्षेची वेळ 1914 मध्ये आली. महायुद्ध पेटले आणि जर्मन माणसे एका दिवसात शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. त्यांतील अनेकांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. पुढे 1915-16 मध्ये पुष्कळांना मायदेशी धाडण्यात आले. कारखाने काही काळाने लंडनमध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्टकडे सोपवले गेले. एक साहेब गेला आणि दुसरा आला, असे यावर कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. परंतु नवा साहेब कागदावरचा धनी होता. माती कोणत्या ओलीला मळावयाची, भट्टीचा जाळ केव्हा उतरवावयाचा, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे जागेवरच होती. कौले होत राहिली.

येथे बेळगावच्याच एका सुपुत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावास परतले. सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. परदेशी यंत्रांच्या सूचिपत्रांतून आणि स्वतःच्या हाताने ते शिकले. वरची खुर्ची परक्यासाठी राखून ठेवल्याची किंमत हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही. कारण जो निघून गेला तो राहिला असता तर काय झाले असते, याचा रकाना वहीत नसतो. बेळगावच्या नगरपालिकेलाही त्या माणसाची किंमत कळली नाही आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी औंध संस्थानात वसली, हा आपल्या गावाने काढून ठेवण्यासारखा चिमटा आहे. असो.

परदेशी अधिकारी पाठवावयाचे कशासाठी, याचे एक मार्मिक वर्गीकरण ॲन-विल हार्झिंग या विदुषीने 2001 मध्ये मांडले. तिने तीन प्राण्यांची उपमा घेतली : अस्वल, भुंगा आणि कोळी. अस्वल म्हणजे मुख्य कचेरीचा धाक घेऊन बसलेला अधिकारी. भुंगा म्हणजे एका फुलावरचे पराग दुसऱ्यावर नेणारा, कंपनीची रीतभात आणि मूल्ये पसरवणारा. कोळी म्हणजे माणसामाणसांत ओळखीपाळखीचे जाळे विणणारा. ही उपमा वाचताना मला माझ्या तरुणपणीची एक नोकरी आठवली. शिक्षक होण्यापूर्वी काही वर्षे मी मुंबईत एका परदेशी मालकीच्या कंपनीत कारकून होतो. तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे. आमचे साहेब सज्जन होते, पण दर शुक्रवारी मुख्य कचेरीला अहवाल गेला पाहिजे यापलीकडे त्यांना दुसरी चिंता नसे. एका वर्षी त्यांनी मालाची खोकी तिकडच्या नमुन्याप्रमाणे पातळ पुठ्ठ्याची केली. आमच्या गोदामाचा जुना कारकून कोकणातला होता. जुलै महिन्यात ही खोकी टिकणार नाहीत हे त्याला पहिल्याच दिवशी कळले होते. त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. जुलैत निम्मा माल भिजून गेला. मी त्याला विचारले, "तुम्ही बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "साहेबाला मराठी येत नाही, आणि मला इंग्रजीत भीती वाटते." अहवालात त्या नुकसानीचे कारण 'अतिवृष्टी' असे लागले. तो अहवाल मीच टंकलिखित केला होता.

परदेशी मालकीच्या सर्वच कंपन्या अशा नव्हत्या. युनिलिव्हरने हिंदुस्थानात 1931 मध्ये वनस्पती तुपाची आणि 1933 मध्ये साबणाची कंपनी काढली. कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही जागांवर युरोपियनांऐवजी भारतीयांना तयार करावयाचे, असा निर्णय तिने 1942 मध्ये घेतला. त्यामागे निव्वळ औदार्य होते असे मला वाटत नाही. युद्धामुळे तरुण इंग्रज मिळेनासे झाले होते आणि राजकीय वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे दिसत होते. शिवाय साबण आणि तूप या बाजारात विकावयाच्या वस्तू. गिऱ्हाईक काय म्हणते ते ऐकू येणारा माणूस हवा होता. 1937 मध्ये रुजू झालेले आणि बाजार-पाहणीच्या कामातून वर आलेले प्रकाश टंडन 1951 मध्ये पहिले भारतीय संचालक आणि 1961 मध्ये हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्या वर्षी कंपनीच्या 205 व्यवस्थापकांपैकी 191 भारतीय होते. त्यांच्यानंतर 1968 मध्ये वसंत राजाध्यक्ष अध्यक्ष झाले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

साहेब गेल्यानंतर या कंपनीचे काय झाले? परकीय चलनाच्या टंचाईत आयात तेले मिळेनाशी झाली, तेव्हा येथील संशोधकांनी साल, कडुनिंब, भाताचा कोंडा यांच्या तेलांपासून साबण करण्याच्या रीती बसवल्या. जेथे ही अडचणच नव्हती, त्या लंडनहून हे शहाणपण येणे शक्य नव्हते. परंतु चित्र एकरंगी नाही. अहमदाबादचे करसनभाई पटेल स्वस्त निरमा पावडर घरोघर पोहोचवत होते, तेव्हा सर्वस्वी भारतीय व्यवस्थापकांच्या हिंदुस्थान लिव्हरलाही ते फार उशिरा ऐकू आले. माझ्या मते याचे कारण उघड आहे. तोवर आपलेच लोक साहेब झाले होते. वातानुकूलित दालनात बसून त्यांनाही गोदामातल्या कारकुनाचा आवाज येईनासा झाला होता. पासपोर्टाचा रंग बदलल्याने कान आपोआप उघडत नाहीत. पुढे 2006 मध्ये डग्लस बेली हे परदेशी अधिकारी सुमारे दोन वर्षांसाठी त्या कंपनीचे मुख्य कार्यकारी म्हणून आले, तेव्हा त्यावरून कोणी फारसा गहजब केला नाही. जागा कोणाची, हा वाद तोवर संपला होता.

आता निपाणीकडे येतो. या विषयाची उलटी बाजू येथे दिसते. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या गोटातील इंपीरियल टोबॅको कंपनी 1910 मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली, आणि पानांच्या खरेदीसाठी 1912 मध्ये निघालेल्या तिच्या भगिनी-कंपनीने आंध्रातील गुंटूरच्या परिसरात बस्तान बसवले. सिगारेटला लागणारी व्हर्जिनिया जातीची तंबाखू तेथे लावली गेली. बंद कोठारात उष्ण हवेने पाने वाळवण्याची रीत, पानांची प्रतवारी, बियाण्याची निवड ही सारी विद्या परदेशी अधिकाऱ्यांनी आणली आणि आंध्रच्या शेतकऱ्याने ती आत्मसात केली. निपाणीची तंबाखू विडीची. ती उन्हात वाळते, वखारीत चाळली जाते आणि गिऱ्हाईकही देशीच. परदेशी कंपनीला तिच्यात रस नव्हता. त्यामुळे निपाणीला ना साहेब मिळाला, ना त्याची विद्या.

परके कोणी आले नाही म्हणून आपले भले झाले, असे म्हणावे काय? मला म्हणवत नाही. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बायकांची मजुरी आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव, दोन्ही अगदी स्वकीयांच्याच हातांत होते. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. आमच्या पिढीला तो दिवस विसरता येत नाही. पण गुंटूरच्या शेतकऱ्याचेही सगळे गोड होते असे नाही. ज्याने विद्या दिली तोच मोठा खरेदीदार, म्हणून भावही त्याचाच. ही कोंडी फोडण्यासाठी 1976 मध्ये तंबाखू मंडळ आले आणि पुढे लिलाव सुरू झाले, ते व्हर्जिनियापुरते. विडीच्या तंबाखूला ते छत्रही मिळाले नाही. साहेबाची विद्या हवी असेल तर तिच्याबरोबर काय येते हे पाहावे लागते, आणि विद्या नाकारल्याने सावकार टळत नाही. या दोन गोष्टी मी एकमेकींत मिसळू देत नाही.

त्याच तंबाखू कंपनीचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 1969 मध्ये अजित नारायण हक्सर तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले, 1970 मध्ये 'इंपीरियल' हा शब्द नावातून गेला आणि 1973 च्या परकीय चलन कायद्यानंतर परदेशी भाग कमी झाला. भारतीय व्यवस्थापकांनी कंपनीला हॉटेले आणि कागद या धंद्यांत नेले. कंपनी वाढली, मात्र 1990 नंतरच्या दशकात लंडनच्या भागधारकांशी सत्तेवरून तिचा कडवा संघर्ष झाला. अस्वल काढून घेतले म्हणजे धाक जातो, तसा विश्वासाचा धागाही विरतो, हे मुख्य कचेरीचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नव्हे.

अखेरीस बेळगाव. यमनापूरचा अल्युमिनाचा कारखाना इंडियन अल्युमिनियम कंपनीने म्हणजे इंडालने 1970 च्या सुमारास उभारला. ही कंपनी कॅनडाच्या अल्कनची. बॉक्साइट चंदगड-राधानगरीच्या सह्याद्रीतले, म्हणजे महाराष्ट्राचे, कारखाना कर्नाटकात, मालकी माँट्रिअलची. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली रेघ ओलांडून दगड रोज बेळगावास येत राहिला, एवढे तरी या धंद्याने साधले.

येथे साहेबाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. बेळगाव हे इंडालचे पहिले अपत्य नव्हे. केरळात अलुपुरम येथे 1943 मध्ये, बिहारात (आता झारखंड) मुरी येथे 1948 मध्ये आणि ओरिसात हिराकुड येथे 1959 मध्ये तिचे कारखाने सुरू झाले होते. कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात बॉक्साइट विरघळवून अल्युमिना वेगळा करण्याची बायरची रीत पुस्तकात चार पानांत मावते. पण प्रत्येक खाणीच्या दगडाचा स्वभाव निराळा. त्यात सिलिका किती, सोडा किती खाल्ला जाईल, तांबडा गाळ कसा बसेल, हे अनुभवानेच कळते. मुरीत दोन दशके तो अनुभव साठला होता. बेळगावला लागणारे ज्ञान आता समुद्रापलीकडून येण्याची गरज राहिली नव्हती. तथापि मुरीकडून शिकून येणारा भारतीय अधिकारी येथील मराठी-कन्नड कामगाराच्या दृष्टीने परकाच असे. स्वदेशातही माणूस परदेशी असू शकतो, हे आम्हां सीमावासीयांना कोणी समजावून सांगावयास नको.

2000 मध्ये अल्कनने इंडालमधील आपला भाग आदित्य बिर्ला समूहाच्या हिंडाल्कोला विकला. पुढची गोष्ट गुरुजी असते तर त्यांना फार आवडली असती. अल्कनने आपला पत्रे लाटण्याचा बराचसा धंदा 2005 मध्ये वेगळा काढला आणि त्याला नोव्हेलिस हे नाव दिले. 2007 मध्ये हिंडाल्कोने ती कंपनीच सुमारे सहा अब्ज डॉलरना विकत घेतली. म्हणजे ज्या घराण्याने बेळगावात कारखाना घातला, त्याच घराण्याची एक शाखा बेळगावचा कारखाना ज्या कंपनीत आहे तिच्या मालकीची झाली. अहवाल कोणत्या दिशेने जातात, ते उलटले.

आणि माणसांची दिशाही उलटली आहे. नितीन परांजपे हिंदुस्थान युनिलिव्हरमधून वर चढत 2019 मध्ये युनिलिव्हरच्या जागतिक कारभारात दुसऱ्या फळीच्या शिखरावर पोहोचले. या शाळेतून बाहेर पडलेली मुलेही आज दूरदेशीच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत अधिकारी म्हणून जाऊन बसतात. तेथील गोदामातला एखादा कारकून त्यांच्याशी बोलावयास बिचकत असेल. तो कोणती भाषा बोलतो, हे त्यांनी मला पत्राने कळवले तर आनंद होईल. माझे उत्तर अजून पुरते लिहून झालेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या जुन्या इमारतीचे छप्पर पुन्हा उतरवले गेले, तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिले. बेसल मिशनची थोडी कौले शाबूत होती, आल्बुकर्कची बरीच होती, आणि आणखी तीन-चार कारखान्यांची होती. सगळी एकाच साच्यातली असल्याने गवंड्याने नावे न पाहता ती एकमेकांत बसवून टाकली.